प्रमाण पादचाऱ्याचा दम

४ फेब्रुवारी

नोकरी लागली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तीही चालण्याची. सव्वीस वर्षं वजनकाट्याच्या केबिनमध्ये खुर्चीला चिकटून बसलेल्या माणसाला चालण्याचा पगार मिळणार, यावर माझाच विश्वास बसत नाही, तर हिचा कुठून बसणार? हिने तीस वर्षं या रानातल्या वाडीवाडीवर पायी टपाल वाटलं. गेल्या वर्षी निवृत्त झाली तेव्हा खात्याने तिला घड्याळ दिलं आणि मी पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. तिने दोन्ही कपाटात ठेवून दिली. चालण्यातलं या घरात कुणाला कळत असेल तर तिला.

पण जागा तिच्यासाठी नव्हतीच. पायवाट कार्यालयाला आमच्या पंचक्रोशीत बाहेरच्या लोकांसाठी सोप्या वाटा आखायच्या आहेत. वाट सोपी की अवघड हे ठरवायला त्यांना एक कच्चा माणूस हवा होता. कच्चा म्हणजे लवकर दमणारा. निवडीसाठी आम्हा चौदा जणांना पाण्याच्या टाकीपर्यंत चालायला लावलं, आणि जो शेवटी पोचेल त्याला नोकरी. काय एकेकाची नाटकं! एक जण दर दहा पावलांनी आडवा होत होता. एक जण सुरुवातीच्या खुणेवरच उभा राहिला. त्याला बाद केलं, कारण तो चाललाच नव्हता. मी मात्र कसलीही लबाडी न करता, अगदी मनापासून चालून शेवटचा आलो. कार्यालयाच्या सायबांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, “असा माणूस शोधून सापडायचा नाही.”

घरी येऊन सांगितलं तर ही पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

६ फेब्रुवारी

माझ्या पदाचं नाव ‘प्रमाण पादचारी’. हे मला फार आवडलं. काट्यावर दर वर्षी तपासनीस यायचा, त्याच्या लाकडी पेटीत पितळेची प्रमाणवजनं असायची. काटा चुकू शकतो, ट्रकवाला खोटं बोलू शकतो, पण प्रमाणवजन म्हणजे शेवटचा शब्द. आता मीच तो.

कार्यालय जुन्या दूध संकलन केंद्रात आहे. अजून आंबूस वास येतो आणि सायबांची फाइल दुधाच्या कॅनवर असते. त्यांनी नियमपुस्तिका दिली. नियम तसे सरळ आहेत. चालता चालता मी एका श्वासात एक ते पंचवीस मोठ्याने म्हणायचे, परत परत. जिथे पंचविसाच्या आत श्वास तुटेल तिथे मला दम लागला असं समजायचं आणि सुताराने खुंटी ठोकायची. त्या खुंटीवर बाकडं बसणार. एका किलोमीटरला तीन बाकडी लागली तर वाट सोपी, हिरवी पाटी. सहापर्यंत मध्यम, पिवळी पाटी. त्याच्या वर अवघड, लाल पाटी.

आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात: सहा महिन्यांनी प्रमाण पादचाऱ्याची तपासणी होईल. त्याचा दम एक दशांशाहून अधिक सुधारल्यास सेवा समाप्त. तसाच राहिला तर कायम.

सायबांना विचारलं, “पण रोज चालल्यावर माणूस सुधारणारच की हो?”

“म्हणूनच कायम होणं अवघड आहे,” ते म्हणाले. “मागचे दोघं सुधारून गेले.”

१२ फेब्रुवारी

पहिली वाट, ओढ्याकाठची. आकडे ऐकायला एक साक्षीदार लागतो, म्हणून हिला घेऊन गेलो. बिनपगारी, पण तिला घरात करमत नाहीच. ती पुढे, मधे मी आकडे म्हणत, मागे सुतार खुंट्या आणि हातोडा घेऊन. सुतार मोजकंच बोलतो. दिवसभरात तो फक्त “इथे?” म्हणाला, तीन वेळा.

ही नेहमीसारखी वळणापर्यंत पुढे जायची आणि हाताची घडी घालून माझी वाट बघत उभी राहायची. लग्न झाल्यापासून मी तिला अशीच बघत आलोय, पुढच्या वळणावर, हाताची घडी घालून. “या, या, सावकाश या, वळण कुठे पळून जात नाही,” असं म्हणायची तिची रीत आहे. आज सुतारासमोर म्हणाली. मला जरा लागलं, पण मग आठवलं की मला त्याचाच पगार आहे.

३ मार्च

ओढ्याच्या वाटेला हिरवी पाटी लागली. देवराईच्या कडेने जाणाऱ्या वाटेलाही. आज दुपारी मुद्दाम जाऊन बघितलं, माझ्या दुसऱ्या दमावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. ते घरचा डबा खात होते. त्यांना काय कल्पना की आपण कुणाच्या दमावर बसलोय! मी ओळख दिली नाही. पण दोनदा समोरून गेलो.

२० एप्रिल

घात झाला.

टेकडीच्या पायथ्याची वाट करत होतो. पहिल्या वळणावर पोचलो, बघतो तर वळणावर कुणीच नाही. मला वाटलं ही फार पुढे गेली. मागे वळून बघितलं तर ती माझ्या मागे. चांगली वीस-पंचवीस पावलं मागे! एकतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडलं.

याचा अर्थ उघड आहे. मी सुधारतोय.

तीन महिने राहिलेत तपासणीला. काटा बंद पडल्यावर दीड वर्ष मी घरात बसून काय काढलंय ते माझं मला माहीत. हिच्या पेन्शनवर जेवायचं आणि वर तिने विचारायचं, “अजून वाढू का?” ते दिवस परत नकोत. मी तिला म्हटलं, “अगं, तू हळू चालतेस की मी जोरात?” ती म्हणाली, “तुम्हीच सुटलाय वाऱ्यासारखे. मी आपली फुलं बघत येतेय.”

फुलं बघत! जिने तीस वर्षांत एका फुलाकडे बघितलं नाही, कारण पिशवीत तार असायची.

२८ एप्रिल

बिघडण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. सकाळी उशिरा उठणे. अंगणातून नळापर्यंतसुद्धा न जाणे. दोन वेळच्या जेवणावर एक वाढीव घास, मग अजून एक. खुर्चीत बसताना पाय स्टुलावर. हिला खरं कारण सांगितलं, तेव्हा वाटलं होतं ती कपाळाला हात लावेल. पण ती म्हणाली, “बरं. मग मीही बसते तुमच्याबरोबर, एकट्याला कंटाळा येईल.” आणि बसली की! स्टुलाच्या दुसऱ्या टोकाला तिने पाय ठेवले. दुपारभर आम्ही दोघं समोरासमोर बसून होतो. तिला बसायला शिकवावं लागेल असं वाटलं होतं, तर ती माझ्यापेक्षा छान बसते.

तिचे बूट घट्ट झालेत म्हणे. टपालखात्याचेच आहेत, आता कातडं आकसलं असणार. नवे घ्यायला हवेत.

१५ मे

आज दाट झाडीतून वाट होती. ही चार वेळा थांबली, बुटात खडा गेला म्हणून. चौथ्यांदा मी स्वतः बूट उपडा करून झटकला. खडा नाही.

“पडला असेल वाटेत,” ती म्हणाली.

मला आता संशय येतोय की ही मला मदत करतेय. ती मुद्दाम मागे राहते, म्हणजे मला तिच्यासाठी थांबावं लागतं, म्हणजे माझा व्यायाम कमी होतो. बायकोच्या डोक्यापुढे हात टेकले. आपण जन्मभर वजनं मोजत बसलो, पण घरातल्या माणसाचं वजन काही कळलं नाही आपल्याला.

५ जून

बिघडण्यासाठी दोन उशा घेऊन झोपायला लागलो होतो; कुठेतरी वाचलं होतं की उंच झोपल्याने मान आखडते आणि माणूस सुस्त होतो. हिने माझं बघून तीन घेतल्या. आता ती जवळजवळ बसूनच झोपते. म्हणते तसंच बरं वाटतं. मला फक्त मान दुखल्याचा अनुभव आला, म्हणून मी परत एका उशीवर आलो. हिला सवय लागली ती लागलीच.

२१ जून

माझे आकडे चुकतील या भीतीने असेल, पण ही आता बोलतच नाही चालताना. पूर्वी वाटभर कुणाच्या घरी कुठलं पत्र दिलं, कोण वाचून रडलं, कुणाच्या कुत्र्याने पिशवी ओढली, असं सगळं चालायचं. मी आकडे म्हणत असल्यामुळे मला उत्तर देता यायचं नाही, हेच तिला आवडायचं बहुतेक. आज मी आकडे म्हणत होतो आणि बाकी सगळं गप्प.

मधेच म्हणाली, “अहो, थांबा, पक्षी ओरडतोय.” आम्ही थांबलो. पाच मिनिटं. सुतारसुद्धा मान वाकडी करून ऐकत होता. मला तर काही ऐकू आलं नाही. घरी आल्यावर सुताराने आयुष्यातलं मोठं वाक्य बोलून टाकलं, “वहिनींना जपा.”

मी म्हटलं, “अरे, ती मला जपतेय!” त्याने हातोडा उचलला आणि गेला.

२९ जुलै

उद्या तपासणी. झोप येणार नाही असं दिसतंय. हिला विचारलं, “खरं सांग, किती सुधारलोय मी?”

“खूप,” ती म्हणाली. “मला तर तुम्हाला गाठताच येत नाही.”

संपलं म्हणजे. पण उद्या नाटक करायचं नाही असं ठरवलंय. सव्वीस वर्षांत काट्यावर एक खोटी नोंद केली नाही. ट्रकवाल्यांनी काय काय दाखवलं, कधी धाक, कधी मिठाईचा पुडा. नाही म्हणजे नाही. जाईल नोकरी तर जाऊ दे.

३० जुलै

डॉक्टरीणबाई गावातल्याच, दर मंगळवारी दूध केंद्राच्या मागच्या खोलीत बसतात. त्यांनी मला दोराने आखलेल्या गोलात चालवलं. मी आकडे म्हणत होतो, त्या कागदावर रेघा ओढत होत्या, सायेब कॅनवर बसून नखं खात होते. पोटतिडकीने चाललो. अजिबात कुचराई केली नाही. शेवटी बाईंनी फेब्रुवारीत नेमणुकीच्या वेळी घेतलेल्या मापाचा कागद काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

“काहीच फरक नाही,” त्या म्हणाल्या. “एका पावलाचासुद्धा नाही. सहा महिने रोज चालून माणूस इतका जसाच्या तसा राहतो हे मी पहिल्यांदा बघतेय. काय करता काय तुम्ही?”

सायबांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जागच्या जागी कायमच्या पत्रावर सही केली आणि म्हणाले, “इतका खात्रीचा माणूस या खात्यात झाला नाही.”

मी उड्या मारतच घरी निघालो होतो. हिला काय सांगायचं, कसं सांगायचं, आधी तोंड पाडून जायचं आणि मग एकदम पत्र काढायचं, असं सगळं मनात चाललं होतं. विहिरीच्या वळणावर आलो. तिथे माझं मलाच कळलं आणि थांबलो.

मी तसाच आहे. एका पावलाचाही फरक नाही.

मग ती मागे कशी राहते?

मी त्या वळणावर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. खडा, फुलं, पक्षी, तीन उशा, घट्ट बूट. सगळं माझ्याच हातचं, माझ्याच वहीत, तारखेसकट. मागची पानं आत्ता परत वाचली. असा मूर्ख माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

घरी आल्यावर पत्र दाखवलं. तिने दोन्ही हातांनी टाळी वाजवली आणि म्हणाली, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” तिने असं काहीच म्हटलं नव्हतं.

१ ऑगस्ट

“डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ.”

“कशाला? तुम्ही तर पास झालात.”

“तुझ्यासाठी गं.”

“मला काय धाड भरलीय? तीस वर्षं रोज चौदा मैल चालले मी. तुमचाच वेग वाढलाय.”

“नाही वाढला. कागद आहे त्याचा.”

“कागद गेला खड्ड्यात,” ती म्हणाली आणि आत गेली. आत म्हणजे चार पावलं. आत जाऊन तिने कपाटाला हात टेकला, मला दिसत होतं. मी ओरडलो, समजावलं, शेवटी हात जोडले. तिने माझ्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला. चालणं गेलं तर आपलं सगळं गेलं असं तिला वाटत असणार. मला काटा गेला तेव्हा तसंच वाटलं होतं, पण ते तिला मी कधी सांगितलं नाही, मग तिने तरी मला का सांगावं.

७ ऑगस्ट

आज कालव्याकाठची वाट. पंचक्रोशीतली सगळ्यात सोपी. एक किलोमीटर, अगदी सपाट, दोन्हीकडे झाडं, टेबलावरून चालल्यासारखं. हिची टपालाची सगळ्यात आवडती फेरी हीच. तिला घरी थांब म्हटलं तर ती माझ्या आधी बूट घालून तयार. बुटाच्या नाड्या काढून टाकल्या होत्या.

मी मुद्दाम मागे राहिलो. एप्रिलनंतर पहिल्यांदाच परत मी मागे आणि ती पुढे. शंभर-सव्वाशे पावलांवर तिचा खांदा जरा वर झाला. ती थांबायच्या आत मीच मोठ्याने “सतरा... अठ...” करून थांबलो, गुडघ्यावर हात ठेवले आणि धापा टाकल्या. अभिनय कधी केला नव्हता, पण सहा महिन्यांचा अनुभव कामी आला.

“दमलात?” तिने विचारलं. चेहऱ्यावर काय सुटका होती!

“फार.”

“थांबू मग. तुमच्यासाठी.”

सुताराने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. “इथे?” त्याने विचारलं. मी मान डोलावली.

पुढे परत शंभर-सव्वाशे पावलं. परत “इथे?” त्याच्याजवळच्या खुंट्या सहाव्या थांब्याला संपल्या. उरलेल्या त्याने वाटेवरच्या फांद्या तोडून केल्या. एक किलोमीटरला अकरा.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं: प्रमाण पादचाऱ्यास अकरा वेळा दम लागला. खाली सही केली. सव्वीस वर्षं आणि सहा महिन्यांतली पहिली खोटी नोंद. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचंच नवल वाटलं.

१६ ऑगस्ट

सायेब दोन दिवस हैराण होते. सपाट वाटेला अकरा दम! पण माझी तपासणी आत्ताच झालेली, कागदावर एका पावलाचा फरक नाही. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला. “प्रमाण चुकणार नाही. म्हणजे वाटच अवघड आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच.”

कालव्याच्या तोंडाशी आज लाल पाटी लागली. ‘अत्यंत अवघड वाट. स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश करावा.’ आणि आत, अकरा सुबक बाकडी. सुताराने पाठीला आधारही लावलेत, हे नियमात नाही.

आम्ही रोज सकाळी जातो. मी धापा टाकतो, ती माझ्यासाठी थांबते. बसल्यावर दोन मिनिटांनी तिचा आवाज परत येतो आणि ती कुठल्या घरी कुठलं पत्र दिलं ते सांगते. काल पाचव्या बाकड्यावर म्हणाली, “तुम्ही अगदीच कामातून गेलात हो.” मी म्हटलं, “वय झालं.” आठव्यापर्यंतच पोचलो. डॉक्टरचं नाव काढलं की अजूनही उठून चालायला लागते, आणि मग ते बघवत नाही, म्हणून नाव काढत नाही. हे बरोबर नाही हे मला कळतं. पण काय करू?

२० ऑगस्ट

शहरातून सात गिर्यारोहक आले. डोक्यावर शिरस्त्राणं, खांद्यावर दोर, कमरेला लोखंडी कड्या. त्यांच्या मंडळाने या भागातल्या सगळ्या लाल वाटा सर केल्यात, ही एकच राहिली होती. दोराने एकमेकांना बांधून घेऊन ते कालव्याकाठून निघाले, पाऊल चाचपत, एक एक करून. बारा मिनिटांत पलीकडे पोचले आणि तिथे उभे राहिले. मग परत आले. मग परत गेले.

आम्ही तिसऱ्या बाकड्यावर होतो. त्यांच्या म्होरक्याने मला अदबीने विचारलं, “काका, चढ नेमका कुठे लागतो?”

“ज्याचा त्याचा,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

२३ ऑगस्ट

गिर्यारोहकांचं पत्र आलं: वाटेतला अवघडपणा सापडला नाही, तो कुठे आहे ते नकाशासह कळवावे. सायेब स्वतः सुताराला घेऊन तो शोधायला गेले. दगड उलटे करून बघितले. झाडांच्या मागे बघितलं. कालव्यात काठी घालून बघितली. सुताराला सगळं माहीत होतं आणि तो शांतपणे काठी घालत होता.

उद्या मला चौकशीला बोलावलंय. पुन्हा आकडे म्हणायचे आहेत, त्याच वाटेवर, डॉक्टरीणबाईंसमोर. नाटक करून भागणार नाही, बाई नाडी धरून चालणार आहेत म्हणे. खोटी नोंद सिद्ध झाली तर नोकरी जाते. ती जाईल. पण बाकडीही जातील. वाट परत हिरवी होईल, तीन बाकड्यांची, आणि तीन बाकड्यांत ही कालव्याच्या निम्म्यावरही पोचायची नाही, आणि बाहेर पडणंच सोडून देईल.

हिला काही सांगितलं नव्हतं. पण तीस वर्षं बंद पाकिटं हाताळलेली बाई आहे. चौकशीचं पाकीट बघूनच म्हणाली, “मी येणार उद्या. साक्षीदार आहे मी.”

२४ ऑगस्ट

जसं झालं तसं लिहितो.

बाईंनी माझं मनगट धरलं. मी चाललो, एक ते पंचवीस, एक ते पंचवीस. पहिलं बाकडं गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. दम लागेना. इतका लाजलो स्वतःच्या श्वासाला. चौथ्याजवळ कुठे एकदाचा तुटला. सायेब, सुतार, बाई सगळे तिथे थांबले. ही मागे पहिल्याच बाकड्यापाशी उभी होती. बसली नव्हती, बाकड्याच्या पाठीला हात टेकून उभी होती. आम्ही सगळे परत तिच्याकडे आलो.

सायबांनी नोंदवही उघडली. त्यांचा चेहरा मला बघवेना. माझ्यावर त्यांचा फार जीव होता. “अकरा वेळा दम लागला, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला तर तीनच वेळा लागेल. मग बाकीचे आठ दम कुणाचे?”

“माझेच,” मी म्हटलं.

“बाई, हे शक्य आहे?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्या सायबांकडे बघत नव्हत्या, हिच्या पायांकडे बघत होत्या.

“माझेच,” मी परत म्हटलं. “त्या दिवशी बरं नव्हतं. लिहून घ्या.”

“खोटं आहे,” ही म्हणाली.

मी तिला म्हटलं, “तू गप्प बस.” असं मी तिला कधी बोललो नव्हतो.

तिने बाकड्यावरचा हात काढला. अंगावरचा पदर नीट केला, टपाल द्यायला दारात उभं राहताना करायची तसा, आणि चालायला लागली. मोठ्याने म्हणत. एक, दोन, तीन, चार. आवाज कसा खणखणीत. पाच, सहा, सात. आठ. नऊ.

दहा आला नाही. ती वाटेच्या मधोमध थांबली, आमच्याकडे पाठ करून. कालव्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मग ती वळली आणि सायबांना म्हणाली, एक एक शब्द वेगळा, “माझे. आहेत. लिहा. अकराच्या. अकरा.”

मी तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा तिने माझा हात धरला. इतक्या जोरात की अजून लाल आहे. मला रडू आलं ते आलंच, सुतारासमोर.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाकड्यावर बसवलं आणि कुणाला काही न विचारता शहरातल्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. ही एकदाही नाही म्हणाली नाही. सायबांनी वहीची पानं चाळली. मग त्यांनी विचारलं, “दुसऱ्याचा दम प्रमाण पादचाऱ्याच्या नावावर लिहिला तर काय करायचं, याचा नियम कुठे आहे?” सुतार म्हणाला, “नाही.” बहुतेक त्याने पुस्तिका वाचली आहे.

२ सप्टेंबर

शहरात. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. बरेच महिने झाले असावेत म्हणाले. डॉक्टरने मला विचारलं, तुमच्या काही लक्षात आलं नाही का? मी म्हटलं, सगळं लिहून ठेवलं होतं. त्याला ते कळलं नाही.

शस्त्रक्रिया करायची, पण आधी औषधं देऊन अंगातलं पाणी कमी करायचं. महिना-दीड महिना. ती निभावेल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाला, शक्यता चांगली आहे, पण खात्री मागू नका. रात्री ही तीन उशांवर टेकून म्हणाली, “मला वाटलं, सांगितलं की तुम्ही मला घरात बसवाल.”

“बसवलं असतं,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

१९ सप्टेंबर

घरी येऊन आठवडा झाला. पायाची सूज उतरली. ती रोज थोडं सपाटीवर चालली पाहिजे आणि दमली की बसली पाहिजे, असं इस्पितळाच्या कागदावर लिहिलंय. मी तो कागद सायबांना दाखवला. मला त्यांनी प्रमाणावरून काढलं, काढावंच लागलं, ते रडलेही. पण बाकडी काढायला वेगळा अर्ज लागतो आणि तो छापलेलाच नाही. पाटी बदलायची तर वर्ष संपावं लागतं. तोवर कालवा लाल.

त्यामुळे दर आठवड्याला दोर घेऊन कुणी ना कुणी येतंच. आज एक मुलगी एकटीच होती, विशीतली, डोक्यावर शिरस्त्राण, दोर छातीवर आडवा. कडेकडेने जपून येत होती बिचारी. आम्ही दुसऱ्या बाकड्यावर होतो. मी आता धापा टाकत नाही, नुसता शेजारी बसतो. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला शस्त्रक्रिया आहे.

मुलगी हिच्यासमोर थांबली. “काकू, पुढे खरंच फार अवघड आहे का हो?”

ही काहीतरी गंमत करेल असं मला वाटलं. तिने आधी श्वास पुरा केला. मग वाटेकडे बघितलं, शेवटपर्यंत, जिथे झाडं एक होतात तिथपर्यंत.

“हो गं,” ती म्हणाली. “आहे अवघड. पण मधे मधे बसायला आहे.”

मुलीने मान डोलावली आणि पुढे गेली. आम्ही अजून थोडं बसलो. मग हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठायचं ठरवलं, आणि आम्ही तिसऱ्याकडे निघालो.